जखम चिकटते, पण आतल्या घाणीचे काय?
(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)

उसाशी ज्याचा संबंध आला त्याचा हात कोरा राहत नाही. तोडणीत कोयता लागतो, बांधणी करताना पानाची धार लागते, बेणे तोडताना टिपरी निसटली की बोटच पुढे येते. डावा हात उसाला आणि उजवा कोयत्याला, त्यामुळे डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर जुने व्रण नाहीत असा तोडणी कामगार आम्ही क्वचितच पाहिला असेल. नोंदीसाठी आम्ही वर्षभर बांधावरून फिरतो, तेव्हा पिकाबरोबर माणसांचे हातही नजरेस पडतात.

अलीकडे या हातांवर एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. जखमेवर चिंधी नाही, पट्टी नाही, नुसता एक कडक, चकचकीत पापुद्रा. चौकशी केली की खिशातून ती इवलीशी नळी निघते. चप्पल तुटली, बादलीचा कान निघाला, तर आपण जो झटपट गोंद लावतो, तोच. कोणत्याही कंपनीचा असला तरी गावोगाव त्याला फेविक्विकच म्हणतात. एका फडावर एक कामगार आम्हाला म्हणाला, "सायब, दोन थेंब टाकलं, चिकटलं. दवाखान्यात गेलो असतो तर दिवस मोडला असता."

त्याचे म्हणणे खोटे नाही. एक कोयता म्हणजे दोन माणसे. एकाचे बोट बांधले गेले की दोघांचे काम अडते, मोळ्या कमी पडतात, गाडी भरायला रात्र होते. आणि सभासदाच्या घरी तरी काय वेगळे आहे? पाण्याची पाळी रात्री दोनला आलेली, बोट कापले म्हणून कोण तालुक्याला जातो? तेव्हा गोंद लावणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. हा गोंद काय आहे, कुठे चालतो आणि कुठे घात करतो, हे नीट समजून घेऊ.

कातडीवर काहीतरी लावून जखम बंद करण्याची कल्पना जुनीच आहे. आपल्या वडिलांच्या वेळी कंपाउंडर तपकिरी रंगाचे झोंबणारे टिंक्चर लावीत, ते टिंक्चर बेंझॉइन, म्हणजे लोबानाचा अर्क. वाळला की चिकट थर होई. त्याहून आधी, १८४८ च्या सुमारास, अमेरिकेत कलोडियन नावाचे औषध निघाले. कापसावर तेजाबाची प्रक्रिया करून तो ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवीत. वरून लावले की पातळ पडदा तयार होई.

आजच्या झटपट गोंदाचे नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेतील कोडॅक कंपनीत हॅरी कूवर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटे, म्हणून तो बाजूला टाकला गेला. १९५१ मध्ये पुन्हा तोच पदार्थ समोर आला, तेव्हा त्याचा चिकटपणा हाच गुण आहे हे ध्यानात आले आणि १९५८ मध्ये तो गोंद म्हणून विक्रीस आला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्याचा फवारा मारीत, म्हणजे दवाखान्यापर्यंत माणूस जिवंत पोहोचे.

"मग सैनिकाला चालतो तर आम्हाला का नाही?" असे कोणी म्हणेल. उत्तर असे की हे एकाच खानदानातले पण वेगवेगळ्या स्वभावाचे भाऊ आहेत. दुकानातल्या नळीत बहुधा इथाइल जातीचा गोंद असतो. तो फार लवकर घट्ट होतो, घट्ट होताना गरम होतो, वाळल्यावर काचेसारखा कडक राहतो, आणि जिवंत मांसात त्याचे विघटन होताना निघणारे पदार्थ, त्यात फॉर्मल्डिहाइडही आले, मांसाला इजा करतात. डॉक्टर वापरतात तो ब्युटिल किंवा ऑक्टिल जातीचा. तो कमी तापतो, हळूहळू विघटित होतो, ऑक्टिल तर कातडीबरोबर थोडा लवतोही, आणि तो जंतुविरहित पुडीत येतो. अमेरिकेच्या औषध खात्याने त्वचेसाठी ऑक्टिल गोंदाला १९९८ मध्ये परवानगी दिली. युरोपात ब्युटिल गोंद त्याही आधीपासून वापरात होता. आपल्याकडेही दवाखान्यातून तो वापरतात. पोराचे कपाळ उंबऱ्यावर आपटून फुटले तर पुष्कळदा डॉक्टर टाके न घालता चिकटवून देतात. सुई नाही, रडारड नाही, टाके काढायला परत जाणे नाही. हे चांगलेच आहे.

आता एक गोष्ट जी फडावर विशेष धोक्याची आहे. हा गोंद ओलाव्याने घट्ट होतो आणि सुती कापडाशी त्याचे अजिबात पटत नाही. ओला गोंद सुती चिंधीला किंवा कापसाला लागला की तो एकदम तापतो, कधी कधी धूरसुद्धा निघतो. गोंद टाकून वर लगेच धोतराची चिंधी गुंडाळली म्हणजे कापलेले बोट भाजलेही. दोन दुखणी एका ठिकाणी!

दुसरी चूक सर्रास होते ती गोंद जखमेच्या आत सोडण्याची. सभासद बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांनी आंब्याची कलमे बांधली आहेत. कलम करताना आपण गाभा गाभ्याला, साल सालीला भिडवतो आणि मेण किंवा पट्टी वरून लावतो. मेण मधे शिरले तर ती दोन लाकडे जुळतील का? कातडीचेही तसेच आहे. जखम स्वतःच भरत असते. गोंदाने फक्त दोन्ही कडा वरून धरून ठेवायच्या. डॉक्टर कडा जुळवून वर पातळ थर देतात, थोडा वेळ धरतात आणि सोडून देतात. पाच ते दहा दिवसांत तो पापुद्रा आपोआप सुटतो.

पण आमचा खरा मुद्दा याहून वेगळा आहे. बाजारातला असो की वैद्यकीय असो, गोंद जे बंद करतो ते चांगले बंद करतो. आत घाण असली तर तीही. आणि शेतातली जखम स्वच्छ नसते. कोयत्याला माती, चिकट रस, काल धार लावलेल्या दगडाची पूड. पायाखाली शेणखत.

मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू सुप्त अवस्थेत वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांना हवा नको असते. खोल, बंद, हवा न लागणारी जागा मिळाली की ते जागे होतात. म्हणजे मातकट जखम न धुता वरून चिकटवणे हे त्यांच्यासाठी घर बांधून दरवाजा लावून देण्यासारखेच झाले. लक्षणे साधारण तीन दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात. पहिल्यांदा जबडा आखडतो, घास गिळेना होतो. तोवर बोटावरची जखम माणूस विसरूनही गेलेला असतो.

दुसरा आजार उंदरांचा. उसात उंदीर असतात हे आम्ही सांगायला नको. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत, पाण्यात उतरतात आणि कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख. तेथे १९३३-३४ मध्ये ऊसतोडणी कामगारांत तापाची साथ आली, माणसे दगावली. उंदरांपासून येणारा हाच आजार तो, हे निष्पन्न झाले. ऊस आधी जाळा, उंदीर आणि पाला जाऊ द्या, मगच तोडू, अशी मागणी करून कामगारांनी १९३५ मध्ये संप केला. (याचा अर्थ आपण फड पेटवावा असा कोणी घेऊ नये! पाचट राखा म्हणून आम्हीच घसा कोरडा करीत असतो.) फडात किंवा पाण्यात काम केल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत कडक ताप, अंग मोडून येणे, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की आम्ही उसात काम करतो आणि हाताला जखम होती. एवढ्या एका वाक्याने निदानाला दिशा मिळते.

मग कापल्यावर करायचे काय? बेणेप्रक्रिया आठवा. तोडलेल्या टिपरीच्या उघड्या टोकातून जमिनीतली बुरशी शिरते म्हणून आपण बेणे बुरशीनाशकाच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून मगच लावतो. उसाच्या कांडीला जी दहा मिनिटे देतो ती आपल्या बोटाला द्यायला काय हरकत आहे?

प्रथम स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरायचे, हात वर ठेवायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे सोडायचे नाही. थांबलं का, थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघितले तर धरलेली गुठळी सुटते. रक्त थांबल्यावर पिण्याच्या पाण्याची धार जखमेवर धरायची, भोवतीची कातडी साबणाने धुवायची, माती-कुसळ काढायचे. पाटाचे पाणी नको. धुताना पुन्हा थोडे रक्त येईल, पुन्हा दाबावे. मग स्वच्छ कोरडी पट्टी. तंबाखू, चुना, शेण, काजळी, रॉकेल यातले काहीही नको. बांधावरचा दगडी पाला चोळून लावण्याची आपल्याकडे रीत आहे. ती वनस्पती गुणाची म्हणून ओळखली जाते हे मान्य, पण बांधावरच्या पाल्यावर धूळ आणि जनावराचे मूत असते, तो तसाच उघड्या जखमेत चुरगाळू नये.

एवढे झाल्यावर बोट हलवून बघायचे. कोयत्याच्या घावाबाबत ही तपासणी आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. बोट पूर्ण वाकते का, सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का? यांपैकी एकही 'नाही' असेल तर आत शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते, मग वरून जखम कितीही लहान दिसो. अशा बोटावर गोंद लावणे म्हणजे ते बोट कायमचे गमावण्याची तयारी. पुढे मूठच वळली नाही तर कोयता धरणार कशाने? त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, आत पांढरे दिसत असेल, खिळा किंवा खुंट खोल रुतला असेल, जनावर चावले असेल, जखम सांध्यावर किंवा डोळ्याजवळ असेल, तरीही घरी थांबू नये. मधुमेह असलेल्या सभासदांनी पायाच्या जखमेबाबत तर नाहीच नाही. उसाच्या बुडख्याने पाय कापला तरी बधिर पायाला ते कळत नाही.

आधीच गोंद लावून बसलात तर घाबरू नका, पण ओरबाडूही नका. ठणका, लाली, सूज, पू यांपैकी काही दिसले तर वरून आणखी दोन थेंब न टाकता डॉक्टरांना दाखवा आणि काय लावले ते न लाजता सांगा. बोटेच एकमेकांना चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात धरून, तेल लावून, हळूहळू लाटल्यासारखी सोडवावीत. गोंद डोळ्यात उडाला तर पापण्या ओढू नयेत, भरपूर पाणी मारून नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

मग घरी काहीच चिकटवायचे नाही का? अगदी लहान, उथळ, सरळ, स्वच्छ धुतलेली, रक्त थांबलेली, ताजी जखम असेल आणि ती वाकणाऱ्या जागी नसेल, तर डॉक्टरांना विचारून वैद्यकीय गोंद किंवा साधी चिकटपट्टी चालते. त्यातही आम्ही पट्टीच्या बाजूचे आहोत. आत काय चालले आहे ते पट्टी उघडून बघता येते. हिवाळ्यात टाचांच्या भेगांत गोंद भरणारेही आम्ही पाहिले. त्यापेक्षा रात्री पाय धुऊन कोकमाचे तेल लावलेले कितीतरी बरे, आणि ते आपल्या आज्यांनाही माहीत होते.

धनुर्वाताच्या इंजेक्शनाबाबत एक गैरसमज आहे. प्रत्येक ओरखड्याला ते लागत नाही. सुरुवातीचे डोस पूर्ण झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक पुरते. जखम मातीची किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील तर लगेच एक घ्यावे. शेवटचे कधी घेतले हे आठवतच नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. पूर्वी टी.टी. मिळे, आता टी.डी. देतात, त्यात घटसर्पाचाही बंदोबस्त असतो. घेतल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर नको, ते वर्षाअखेर रद्दीत जाते. सात-बारा जिथे ठेवता त्या फायलीत लिहून ठेवा.

येत्या हंगामात ज्या सभासदांच्या फडावर टोळी येईल त्यांनी बांधावर झाकणाचा एक कॅन पिण्याचे पाणी, साबणाची वडी आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्याच्या चार घड्या स्वच्छ पिशवीत ठेवाव्यात. चहाच्या किटलीशेजारी ठेवल्या तर विसरणार नाही. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री तिथे कोण असते, एवढे मुकादमाला आणि आपल्या गटाच्या चिटबॉयला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. बीडकडून आलेल्या माणसाला आपल्या गावातले रस्ते माहीत नसतात.