चिमूटभर मांस, शिशाचा घास

रत्नागिरी जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास हळवे भात पिवळे पडू लागते. शेजारची गरवी खाचरे तेव्हा हिरवीगार असतात. साहजिकच परिसरातल्या मुनिया, सुगरणी आणि पोपट आधी तयार झालेल्या त्या एका तुकड्यावर तुटून पडतात. राखणीला बसलेल्या पोरांच्या हातात गलोल असते, एखाद्याकडे एअरगन. पडलेले पाखरू निखाऱ्यावर जाते. पिकाची राखण झाली आणि तोंडाची चवही भागली, असा हा सरळ हिशेब.

पण हिशेबच करायचा तर नीट करावा. मुनियेचे वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम. पिसे, हाडे, आतडी वजा जाता सहा-सात ग्रॅम मांस उरते. कोंबडीच्या एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्यासाठी चार-पाच मुनिया माराव्या लागतील.

चिमण्या टिपून खाण्याचा उद्योग मुंबईतल्या सुखवस्तू घरांतली मुलेही करत. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली त्यांपैकीच एक. १९०८ च्या सुमारास त्यांनी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती खाण्याऐवजी, मामांच्या सांगण्यावरून, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेले आणि तिथून त्यांचे आयुष्यच बदलले.

एअरगनचा नेहमीच्या मापाचा छर्रा शिशाचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो आरपार गेला तरी हाडावर घासून त्याचे बारीक कण मांसात राहू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, शिजवून जात नाहीत. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालते. ही पाखरे खाणारी बहुतेक मुलेच, हे इथे विसरता येत नाही. शिवाय खोडकिडीसाठी टाकलेली दाणेदार विषारी औषधे पाखरेही टिपतात. सुस्त, सहज हाती लागणारे पाखरू म्हणूनच सर्वांत संशयास्पद.

आजाराचीही भीती आहे. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मृत कावळ्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. पूर्ण शिजवल्यावर हा विषाणू मरतो. धोका असतो तो त्याआधी, उघड्या हातांनी पिसे उपटताना आणि आतडी काढताना.

कायदा वेगळाच. मुनिया, सुगरण, पोपट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती लेखी आणि वरिष्ठ वनाधिकाऱ्याकडून. आपल्या खाचरापुरता निर्णय आपण घ्यायचा नसतो. आणि पाखरू नुसते दाणेच खात नाही. सुगरण पिलांना किडे भरवते. चीनने १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली, किडी वाढल्या, आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तिथे ढेकूण घालावा लागला.

शेजाऱ्यांनी एकाच वेळी तयार होणारे वाण लावले तर थवा विभागला जातो आणि एकट्याचे नुकसान कमी होते. खरी राखण लागते ती दाणा चिकात असताना, सकाळी आणि उन्हे कलल्यावर. चमकणारी फीत तेव्हाच बांधावी. आधीपासून लावली तर पाखरे तिला सरावतात.