दोन हजार गळे, एक छडी

मोठ्या क्वायरमध्ये पहिला धडा मिळतो तो हा: शेजारच्याचं ऐका, लांबच्याचं मुळीच ऐकू नका. लंडनमधल्या आमच्या हौशी क्वायरमध्ये मी आल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत गाते. पुरुषांचे खर्जातले आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतात. त्यांचा सूर कानावर येईपर्यंत थांबलं, की आपण मागे पडलोच. म्हणून प्रत्येकाकडे पेन्सिल असते आणि अवघड जागी आम्ही नोटेशनवर चक्क चष्म्याचं चित्र काढतो. अर्थ एवढाच, की इथे मान वर, नजर कंडक्टरकडे.

शंभरेक जणांची ही तऱ्हा. 17 जून 1857 रोजी सिडनहॅममधल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीत सुमारे 2,000 गायक आणि 400च्या आसपास वादक होते. संगीतकार हँडेलच्या रचनांच्या महोत्सवात त्या दिवशी त्याचं 'जूडास मॅकाबियस' हे ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायली जाणारी मोठी धार्मिक कथा, होतं, आणि राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट ऐकायला आले होते. कंडक्टर होते मायकेल कोस्टा. पायऱ्यापायऱ्यांचा मंच भलताच रुंद. एवढं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा लहानसा अंश लागतो. ऐकायला क्षुल्लक, पण हँडेलच्या जलद तानांत तेवढ्यात सूर पुढे निघून जातो. कानावर विसंबलं तर गोंधळच. भिस्त सगळी कोस्टांच्या छडीवर. शिवाय लयही आवरती ठेवावी लागते.

त्या काळी असे हजारो गाणारे तयार झाले ते स्वस्त छापील प्रतींमुळे आणि सूर वाचण्याच्या सोप्या पद्धतीमुळे. संगीत प्रकाशक नोव्हेलो कंपनीने ऑरेटोरिओच्या स्वस्त प्रती काढल्या. जॉन कर्वेन यांनी 'टॉनिक सोल-फा' पद्धत गावोगाव नेली. तिच्यात पाच रेघांऐवजी साधी अक्षरं असत आणि 'डो' आपल्या 'सा'सारखा पट्टीबरोबर सरके. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार दिवसभराचं काम आटोपून तालमीला बसू लागले.

त्या हजारोंचा आवाज कसा असेल याची थोडी कल्पना येते. 29 जून 1888 रोजी त्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडेलच्याच 'इस्रायल इन इजिप्त'चे तुकडे एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर उतरवले गेले. कंडक्टर ऑगस्ट मान्स, गायक हजारोंनी. हेडफोन लावून ऐकलं तर खरखरीमागे सुरांचे लोट चढता-उतरताना कळतात. शब्द मात्र एकही लागत नाही, आणि सगळं संथ, जड.

पुढे नाटककार आणि संगीत समीक्षक बर्नार्ड शॉ यांनी म्हटलं, की अशा महोत्सवांवर एवढा पैसा उधळण्यापेक्षा वीस तयारीचे गायक घेऊन हँडेलचं 'मसाया' नीट बसवा. श्रोत्यांच्या खुर्चीतून त्यांचं म्हणणं सोळा आणे पटतं. पण रांगेत उभं राहिलं की हिशेब बदलतो. वीस जणांच्या क्वायरमध्ये मला कोणी उभं केलं नसतं, आणि त्या दोन हजारांतल्या बहुतेकांनाही नाही. राणीच्या वाट्याला एक दुपार आली. हँडेल खरा मिळाला तो तालमीला बसलेल्यांना.