ताऱ्यांच्या पोटात बदलणारे अणूंचे आयुष्य

रेडियम भट्टीत तापवा किंवा द्रवरूप हवेत बुडवा, त्याच्या किरणोत्सर्गाचा वेग बदलत नाही. पिएर क्युरी आणि रदरफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे पडताळून पाहिले होते. ऱ्हास घडतो तो अणुकेंद्रात, आणि तिथल्या ऊर्जेपुढे भट्टीची उष्णता नगण्य ठरते. म्हणूनच खडकांचे वय काढताना भूवैज्ञानिक अर्धायुष्यावर, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणाऱ्या काळावर, निःशंकपणे विसंबतात.

ताऱ्यांच्या अंतर्भागात मात्र चित्र पालटते. कोट्यवधी अंश तापमानात कण एकमेकांवर इतक्या जोराने आदळतात, की अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात. कोणत्या तापमानाला किती अणू असे आयनीभूत होतील, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. उष्णता अणुकेंद्रापर्यंत पोहोचते ती या इलेक्ट्रॉनांच्या वाटेने.

रेनियम-१८७ हे याचे सर्वांत थक्क करणारे उदाहरण. बीटा ऱ्हासात त्याच्या केंद्रातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. या ऱ्हासात मिळणारी ऊर्जा अगदी तुटपुंजी असल्याने त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तिप्पट आहे. पण त्याचे सर्व ७५ इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर नव्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडावेच लागत नाही. तो सर्वांत आतल्या रिकाम्या कक्षेत स्थिरावतो आणि तिथली बंधनऊर्जा ऱ्हासाला बळ देते. जर्मनीतील डार्मश्टाट येथील जीएसआय संस्थेत असे उघडे अणुकेंद्र साठवण-कड्यात फिरवून १९९६ मध्ये मोजणी झाली. अर्धायुष्य भरले अवघे ३३ वर्षे! त्याआधी, १९९२ मध्ये, तिथेच डिस्प्रोसियम-१६३ तपासले गेले होते. एरवी स्थिर असलेला हा अणू इलेक्ट्रॉन गमावताच ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने ऱ्हास पावू लागला.

सूर्यातील बेरिलियम-७ ची गोष्ट वेगळी. ते इलेक्ट्रॉन गिळून लिथियम बनते. सूर्यगर्भात, सुमारे दीड कोटी अंशांवर, ते मुख्यतः भोवतालच्या मुक्त इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते. घनता तीच ठेवून तापमान वाढवले, तर वेगवान इलेक्ट्रॉन पकडणे अवघड होते आणि ऱ्हास मंदावतो.

रेनियमचे ऑस्मियम होण्याच्या गतीवरून आकाशगंगेतील मूलद्रव्यांचे वय काढले जाते. त्या रेनियमचा काही भाग नव्या ताऱ्यांत पुन्हा तापून निघालेला असतो. म्हणून ताऱ्यांच्या तापमानाचा हिशेब धरल्याशिवाय या घड्याळावर विश्वास ठेवता येत नाही.