प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा: चौरस

चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो जर्मन टूल रूममध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांचे प्रशिक्षण मिळते. अशा यंत्राला ‘जी ०१’ सांगितले की हत्यार सरळ रेषेत कापत जाते, ‘जी ०२’ सांगितले की घड्याळाच्या दिशेने कंस घेते. ‘जी ९१’ दिले, तर पुढचे प्रत्येक अंतर हत्यार ज्या बिंदूवर आहे तिथून मोजले जाते.

आयआयटी मुंबईत प्रा. अभिराम रानडे यांनी नवख्यांसाठी तयार केलेल्या सी प्लस प्लस भाषेच्या पाठांची सुरुवातही अशाच आज्ञांनी होते. त्यांच्या ‘सिम्पलसीपीपी’ या मोफत साधनात पडद्यावर एक कासव असते. शंभर एकक पुढे जा, ९० अंश वळ; हेच चार वेळा कर. चौरस तयार! सहा वेळा आणि ६० अंश केले, की षट्कोन. पुढची पायरी खरी महत्त्वाची: बाजू किती ते वापरणाऱ्याला विचारायचे आणि कोन प्रोग्रॅमनेच काढायचा, ३६० भागिले बाजू. वापरणाऱ्याचे उत्तर म्हणजे इनपुट, ते साठवणारा व्हेरिएबल आणि पुनरावृत्ती करणारा लूप एवढ्यातच भेटतात, तेही शालेय भूमितीच्या बळावर. पहिल्या सत्रात लूपची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला.

रानडे यांची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर इंग्रजीत मोफत पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते. इंग्रजी अडत असेल, तर आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठीतून ऐकता येतात. ऐकताना प्रत्येक ओळ स्वतः टाइप करून चालवावी.