कंपनीच्या गावातला दवाखाना

लंडन : मध्य इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट हे चिनीमातीच्या भांड्यांचं शहर. वेजवुडची भांडी इथूनच जगभर गेली. पुढे भट्ट्या एकेक करून थंडावल्या. २००० साली डेनिस कोट्स यांनी याच शहरात, गाडीतळावरच्या एका तात्पुरत्या खोलीतून 'बेट३६५' ही ऑनलाइन सट्ट्याची कंपनी सुरू केली. घरच्या सट्ट्याच्या दुकानांवर कर्ज काढून भांडवल उभं राहिलं होतं. आज शहरात सर्वाधिक खासगी नोकऱ्या तीच कंपनी देते, आणि मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात कोट्स यांचा पगार ४२ कोटी पौंडांहून अधिक होता. २०२२ मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, जुगाराच्या व्यसनावर उपचार करणारा दवाखाना उघडला, तोही स्टोकमध्येच.

कंपनी आणि दवाखाना यांच्यात बावीस वर्षांचं अंतर आहे. ब्रिटनची गोष्ट सांगायची तर या अंतराचीच सांगावी लागते.

इथे सट्टा चोरून खेळायची गोष्ट नाही. रस्त्यारस्त्यावरची सट्ट्याची दुकानं १९६१ पासून कायदेशीर आहेत. 'ग्रँड नॅशनल'च्या घोडशर्यतीला एरवी कधी पैज न लावणारी माणसंही दोन-चार पौंड लावतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. २००५ चा जुगार कायदा याच समजुतीतून आला : प्रौढ माणसाला आपलं भलंबुरं कळतं, सरकारने फक्त परवाना द्यावा आणि लक्ष ठेवावं. तो कायदा सप्टेंबर २००७ मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि टीव्हीवर सट्ट्याच्या जाहिराती मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी आयफोन बाजारात आला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकान होतं, जे संध्याकाळी बंद होतं आणि जिथे जायला घराबाहेर पडावं लागतं. लोकांच्या हातात आलं ते चोवीस तास उघडं, अंथरुणातही सोबत असणारं यंत्र.

या यंत्रातला स्लॉटचा खेळ कसा चालायचा ते समजून घेण्यासारखं आहे. एकदा बटण दाबलं की चक्रं आपोआप फिरत राहायची आणि खात्यातले पैसे जात राहायचे. दहा पौंड लावून तीन परत आले, म्हणजे सात बुडाले, तरी पडद्यावर रोषणाई आणि जिंकल्याचं संगीत. मेंदू त्या संगीताला फसतो. नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही प्रकार बंद केले आणि दोन फिरक्यांमध्ये किमान अडीच सेकंद जायलाच हवेत असा नियम केला. अडीच सेकंदांसाठी सरकारी नियम करावा लागतो, यावरूनच त्याआधीचा वेग किती असेल ते ध्यानात येईल. २०२५ मध्ये एका फिरकीवर लावायच्या रकमेलाही मर्यादा आली : पाच पौंड, आणि १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठी दोन पौंड.

हे नियम आपोआप आले नाहीत. शेफिल्डच्या चार्ल्स आणि लिझ रिची यांचा मुलगा जॅक शाळेत असताना, जेवणाच्या पैशांवर, सट्ट्याच्या दुकानातल्या यंत्रांवर खेळायला शिकला. नोव्हेंबर २०१७ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. आईवडिलांनी दुःख घरात कोंडून ठेवलं नाही. तशाच इतर कुटुंबांना बरोबर घेऊन त्यांनी 'गॅम्बलिंग विथ लाइव्ह्ज' ही संस्था उभारली. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवलं, की जॅकच्या मृत्यूला जुगाराचा विकार कारण ठरला आणि त्याला मिळालेली माहिती व उपचार अगदीच अपुरे होते. मुलगा वाया गेला, असं म्हणून विषय संपवण्याची सोय त्या दिवशी संपली.

उपचारांची सुरुवात तशी आधीच झाली होती. डॉ. हेन्रिएटा बाउडन-जोन्स यांनी २००८ मध्ये लंडनला एनएचएसचा पहिला जुगार दवाखाना काढला. २०१९ मध्ये लीड्सचा दवाखाना उघडेपर्यंत, अकरा वर्षं, सगळ्या इंग्लंडसाठी तेवढा एकच होता. आता पंधरा आहेत. तिथे जायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही; रुग्ण स्वतः फोन करू शकतो, उपचार मोफत. मुख्य भर बोधात्मक वर्तनोपचारावर असतो. इच्छा कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत उसळते; 'आता माझी पाळी आलीच' हा विचार कुठून येतो; बुडालेले पैसे परत मिळवायची धडपड माणसाला आणखी खोल कशी नेते, हे रुग्ण आणि उपचारक मिळून आठवडे न् आठवडे तपासतात. गरजेनुसार नाल्ट्रेक्झोनसारखं औषध देतात. घरच्यांनाही मदत मिळते, कारण कर्ज त्यांच्याही डोक्यावर असतं.

त्याच्या जोडीला अडसर. 'गॅमस्टॉप' या यंत्रणेत एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांचे दरवाजे सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद, आणि ठरवलेली किमान मुदत संपेपर्यंत स्वतःलाही ते उघडता येत नाहीत. बँकेला सांगून कार्डावरचे जुगाराचे व्यवहार थांबवता येतात. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला एप्रिल २०२० पासून सगळ्यांनाच बंदी आहे. इच्छेची लाट येते तशी ओसरतेही. तेवढा वेळ मध्ये अडथळा उभा राहिला तर माणूस वाचतो. बिनपरवान्याच्या परदेशी साइट मात्र या कुंपणाबाहेर आहेत, आणि गॅमस्टॉपमध्ये नाव नोंदवलेल्या माणसांनाच त्या हेरून जाहिराती करतात. याहून निर्दय धंदा मला ठाऊक नाही.

उपचारांचा खर्च कोणी करायचा? बरीच वर्षं कंपन्या ऐच्छिक देणग्या देत आणि त्यातून उपचार चालत. एप्रिल २०२२ पासून एनएचएसने तो पैसा घेणं थांबवलं. ज्यांनी आजार दिला त्यांच्याच मर्जीवर औषध अवलंबून राहणं रुग्णांनाही पटत नव्हतं. एप्रिल २०२५ पासून देणगीच्या जागी कायद्याने सक्तीची आकारणी आली. जिंकणाऱ्यांना दिल्यावर कंपनीकडे उरलेल्या रकमेच्या १.१ टक्क्यांपर्यंत, आणि त्यातला निम्मा वाटा उपचारांसाठी. माझ्या मते ब्रिटनने केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे, आणि ते वीस वर्षं उशिरा झालं.

महाराष्ट्रातून इथे शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अठरा पूर्ण झालेल्या मुलाला हे सगळं इथे कायदेशीर आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही, हे योग्यच झालं. पण रमीच्या अ‍ॅपवर जमीन, दागिने, पगार घालवलेल्या माणसाचं व्यसन अ‍ॅप बंद झाल्याने जात नाही. ब्रिटनने दुकान आधी उघडलं आणि दवाखाना मागाहून. आपण दुकान बंद केलं आहे. दवाखाना अजून जिल्ह्याजिल्ह्यात पोचायचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये इथल्या डॉक्टरांना मार्गदर्शन मिळालं, की दारू-तंबाखूबद्दल विचारता तसं जुगाराबद्दलही विचारा. आपल्या फॅमिली डॉक्टरांनी हा प्रश्न आजपासून विचारावा. या व्यसनाला तोंडाचा वास नसतो, विचारल्याशिवाय ते कळत नाही. आणि घरात कुणी गुपचूप कर्ज काढत असेल, रात्ररात्र फोनला चिकटून असेल, तर कर्ज फेडण्याआधी त्याच्याशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.