काठी, सावली आणि कोन

९३ अंशांचा कोन फळ्यावर काढला तर बहुतेक मुले त्याला काटकोन म्हणतात. आपणही नजरेने फसतो. म्हणून अंगणात एक मीटरची सरळ काठी रोवू.

नागभीडचे अक्षांश सुमारे २०.६ अंश उत्तर. येथे सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी. त्या वेळी काठीच्या बुडापासून दक्षिणेकडील जमीन ही एक भुजा आणि सूर्याकडे जाणारी रेषा ही दुसरी भुजा मानू.

२२ डिसेंबरला हा कोन ४६ अंशांचा, म्हणजे लघुकोन. सावली जवळजवळ काठीएवढी. २३ मेच्या सुमारास ९० अंश, काटकोन, सावली नाहीशी! २१ जूनला सुमारे ९३ अंश. हा विशालकोन. सावली जेमतेम ५ सेंटिमीटर, पण पडते चक्क दक्षिणेला.

उत्तरेकडून मोजणारा विद्यार्थी ८७ अंश, लघुकोन म्हणेल. तोही बरोबरच; त्याने भुजा बदलली. दोन्हींची बेरीज १८०, सरळ कोन. आपल्या ९३ अंशांच्या बाहेर उरतात २६७ अंश. तेही ९० पेक्षा जास्तच, पण तो प्रविशाल कोन. तेव्हा विशालकोनाच्या व्याख्येत '१८० पेक्षा लहान' हे शब्द गाळून चालत नाही.

मे महिन्यातला काटकोन सुट्टीत जातो. दुसरा येतो २० जुलैच्या सुमारास. तेव्हा शाळा असते, ऊन असेलच असे नाही.