जुनी सॅन स्टॉर्म घेताय? आधी खाली वाकून बघा

खर्ड्यातल्या मित्राने विकाऊ सॅन स्टॉर्मचे फोटो पाठवले. "घेऊ का रे?"

स्टॉर्म म्हणजे गोव्यात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, 1149 सीसी, साधारण 60 बीएचपी. (जामखेड रोडच्या गतिरोधकांवर पोट किती घासेल, ते वेगळंच!)

बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे वरून गंज दिसत नाही; तो खालच्या लोखंडी सांगाड्यात लपतो. गाडी समुद्राकाठी राहिलेली असेल तर वर उचलून टॉर्च मारा, स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. पापुद्रे सुटले तर सौदा सोडा.

गार इंजिनचं ऑइलचं झाकण उघडा. दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केट तपासून घ्या. आणि मीटरच्या आकड्यापेक्षा पेडलचं झिजलेलं रबर खरं बोलतं.

15 वर्षांनंतर आरसी दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती झालीय का बघा.

काही विचारायचं असेल तर कमेंट टाका.